तुळसाकाकीची ओळ

लिमये सर शेवटपर्यंत सांगत राहिले की मी त्यांच्या अंकाचे छपाईचे आठ बटर पेपर चोरले. सांगोत बापडे. मी चोरले नव्हते, नेले होते. भर दुपारी, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून, आणि जाताना मुश्ताकभाईंच्या तोंडावर सांगून. चोरी करणारं माणूस असं सांगून जातं का? त्या आठ कागदांवर माझ्या आत्याचे धवळे होते. गाणी आत्याची, अक्षरजुळणी माझी, आणि त्रैमासिक तेवढं सरांचं. तिघांचा मामला होता आणि तिघांतल्या दोघी सुकापूरच्या होत्या, म्हणून कागद सुकापूरला गेले. साठीला टेकलं की माणूस नरम पडतं म्हणतात. मी काही पडले नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणाची फसगत नको.

आमचं घर तेव्हा दिवसा कुजबुजणारं घर होतं. बाबा तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात कामाला, आणि महिन्यातले बरेच दिवस त्यांची रात्रपाळी. सकाळी घरी आले की अंगाला तो औषधासारखा उग्र वास, दोन तांबे जास्त ओतूनही न जाणारा. तांदळाची भाकरी आणि सुकट खाऊन ते आतल्या खोलीत आडवे व्हायचे आणि मग दुपारपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. भांडं पडलं तर आई आधी आतल्या खोलीकडे बघायची आणि मग भांड्याकडे. जनाआत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, गावातच दोन घरं टाकून दिलेली होती, पण तिचा सगळा दिवस आमच्या चुलीपाशी जायचा. आत्या धवळारीण. आमच्या आगरी लग्नात भटजी येतो तो नंतर. आधी मांडवात धवळारीण बसते, सुपात तांदूळ घेते, देवांना एकेकाला नाव घेऊन बोलावते, आणि हळदीपासून पुढचा एकेक विधी तिच्या गाण्यावर चालतो. ही गाणी म्हणजे धवळे. उभ्याने, ठेक्यावर म्हणायची गाणी नव्हेत ही. बसून, सावकाश, श्वास संपेपर्यंत ओढत म्हणायची. आत्या एक ओळ म्हणायची आणि शेजारी बसलेली तुळसाकाकी तीच ओळ उचलून पुन्हा म्हणायची. तुळसाकाकी आमच्या पलीकडच्या घरातली, नात्याने कुणी नाही, पण चाळीस वर्षं या दोघी मांडवात मांडीला मांडी लावून बसलेल्या.

मी बारावीनंतर टायपिंग शिकले आणि मग पनवेलच्या बाजारात मुश्ताकभाईंच्या छापखान्यात लागले. खाली छपाईचं यंत्र, वर माळ्यावर एक कॉम्प्युटर आणि एक लेझर प्रिंटर. यंत्र सुरू झालं की वरचा माझा चहा कपात हिंदकळायचा. कामं लग्नपत्रिकांची, पावतीपुस्तकांची, निवडणूक आली की हस्तपत्रकांची. फाँट मोजके होते आणि त्यांची मूळ नावं छापखान्यात कुणालाच उच्चारता येत नव्हती, म्हणून मुश्ताकभाईंनी त्यांचं बारसं केलं होतं. बोरूने लिहिल्यासारखं तिरकं, जाड-बारीक वळणाचं अक्षर, ते ‘पोथी’. डोक्यावरची रेघ तोडलेलं, वरखाली उड्या मारणारं, ऑर्केस्ट्राच्या जाहिरातीत वापरायचं, ते ‘नाचरं’. आणि एक साधं, उभं, गोल पोटाचं, डोक्यावर सलग रेघ असलेलं, ते ‘शाळा’. शाळेला कुणी विचारायचं नाही. रेशनच्या अर्जांना आणि ‘येथे गाडी लावू नये’ला चालायचं.

लिमये सर हे निवृत्त शिक्षक, पनवेलच्या संगीत मंडळाचे चिटणीस, आणि ‘मींड’ नावाच्या त्रैमासिकाचे संपादक, मुद्रितशोधक आणि पोस्टात टाकणारेही तेच. खरं तर मी जे काही शिकले ते या माणसाकडून शिकले, आणि हे मान्य करायला मला काही जड जात नाही. ते माझ्या मागे स्टुलावर बसायचे आणि म्हणायचे, “वनिता, अक्षर बघताक्षणी कानात सूर वाजला पाहिजे. वाचणं नंतर.” ठुमरीवरच्या लेखाला कुठलं शीर्षक शोभेल, नाट्यसंगीताला थोडं ठसठशीत का हवं, ख्यालाच्या बंदिशीभोवती पांढरी जागा किती सोडायची, वाचणारा म्हातारा आहे की क्लासला जाणारी पोर आहे, हे सगळं ते विचार करून ठरवायचे. दोन ओळींमधलं अंतर बोटाने मोजायचे. त्यांच्या अंकात बंदिशी नेहमी पोथीत असायच्या, आणि खरंच, पान उघडलं की तंबोरा लागल्यासारखं वाटायचं.

अशा माणसाने लोकसंगीत विशेषांक काढायचं ठरवलं आणि मला विचारलं, तुमच्याकडे काही गाणी असतात ना? मी घरी आले आणि आत्याला विचारलं. ती जवळा निवडत होती. तिने आजवर धवळे कुणाला लिहू दिले नव्हते. बाहेरचे दोघंतिघं येऊन गेले होते, वह्या घेऊन, त्यांना तिने चहा पाजून परत पाठवलं होतं. पण त्या वर्षी ती गावच्या साक्षरता वर्गाला जाऊ लागली होती, पाटीवर आपलं नाव काढू लागली होती, आणि तिच्यात एक नवीच मिजास आली होती. तुळसाकाकी त्या वर्गाला एकच दिवस गेली. शिकवणारी आपल्या सुनेहून लहान आहे म्हणून उठून आली ती परत गेली नाही.

आत्या जवळ्यातला कचरा फुंकत हळूच म्हणाली, “लिव. पन येक सांगतंय. छापलंस का मना वाचता आला पायजे. माजा गाना मनाच वाचता नाय आला त मंग त्यो कागूद माजा नाय.”

“येईल गो आत्ये वाचता.”

“शपथ घे.”

घेतली. आणि पुढचे पंधरा दिवस, बाबा आत घोरत असताना, मी चुलीपाशी बसून धवळे उतरवले, तेही कुजबुजीत. जो आवाज चार आळ्यांपलीकडे जायचा तो माझ्या कानाशी येऊन अगदी श्वासासारखा म्हणायचा, “पयला तांदूल गो धरतरीला.” मी लिहायचे. ती पुन्हा तेच म्हणायची, तुळसाकाकीच्या वाटणीचं. मी ते परत लिहायचे नाही, पुढे कंसात दोनचा आकडा टाकायचे. गाण्याच्या सगळ्या पुस्तकांत तसंच असतं.

सरांनी पानांचा आराखडा दिला तेव्हा माझं डोकं फिरलं. बंदिशींवर एक लेख, तो पोथीत. आणि धवळ्यांच्या आठ पानांवर शीर्षक, ‘कोळीगीते व इतर नाचगाणी’, अक्षर नाचरं, समासात लाटा आणि मासे. आता आम्ही कोळी नव्हे, आगरी. सुकापुरात समुद्र कुठून येणार? मी म्हटलं, “सर, ही नाचायची गाणी नाहीत.” तर हसून म्हणाले, “अगं, लोकसंगीत आहे, थोडा उत्साह दिसू दे. आपला वाचक पान उलटताना थांबला पाहिजे.” पण त्यांची पाठ वळल्यावर आठही पानं पोथीत लावली, बंदिशीच्या लेखासारखीच, त्याच अंतराने, तेवढीच पांढरी जागा सोडून. बघू म्हटलं, तुमच्या ख्यालाला जे वस्त्र ते आमच्या धवळ्याला का नको! छाती भरून आली होती माझी. सरांच्या मनाची नाचऱ्यातली आणि माझी पोथीतली, अशी दोन्ही प्रुफं घेऊन घरी गेले.

आत्याने आधी नाचरं हातात घेतलं. कागद लांब धरला, जवळ धरला. “ह्या घरांना छप्परच नाय गो,” म्हणाली, आणि बाजूला ठेवला. मला तेच हवं होतं. मग मी ऐटीत पोथी पुढे केली. तिने बोट ठेवलं. बोट पहिल्या अक्षरावरून दुसऱ्यावर गेलं, परत आलं. तिच्या वर्गातल्या पुस्तकातलं अक्षर उभं होतं, मोठं होतं, त्याच्या पोटात उजेड होता. हे तिरकं, बारीक, एकमेकांच्या खांद्यावर मान टाकलेलं. ओठ हलले, पण शब्द काही आला नाही. चुलीवर निवटी मासळीचं कालवण शिजत होतं, आईने झाकण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. तिलाही कळलं होतं.

“ह्यो बी माजा नाय,” आत्या म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. कागद नीट घडी घालून माझ्या हातात दिला आणि उठून आपल्या घरी गेली.

त्या दिवशी मला स्वतःची जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही. सरांनी निदान त्यांच्या वाचकाचा विचार केला होता. मी कुणाचा केला होता? मला सरांना दाखवायचं होतं, आणि त्या नादात जिच्यापुढे शपथ घेतली तिचे डोळे मी विसरले. दुसऱ्या दिवशी छापखान्यात जाऊन आठही पानं ‘शाळा’त लावली, सोळा पॉइंटात, ठळक. समासातले मासे पुसून टाकले. लाटाही. शीर्षकाला नुसतं ‘धवळे’ लिहिलं. मुश्ताकभाई चष्मा कपाळावर चढवून मागे उभे राहिले. त्यांनी तरुणपणी उर्दू निकाहपत्रिका हाताने लिहिलेल्या होत्या, अक्षराची जाण होती त्यांना. म्हणाले, “बेटी, हे साफ दिसतंय. पण सर कबूल होणार नाहीत. ते नजाकतवाले आदमी.”

सर कबूल झाले नाहीतच. “हे काय? पहिलीचं पुस्तक? वनिता, हा रसिकांचा अंक आहे. लोक हसतील मला.” मी म्हटलं, “सर, वाचणारा कोण ते बघून अक्षर निवडायचं, तुम्हीच शिकवलंत.” ते म्हणाले, “वाचणारे आपले वर्गणीदार.” मी म्हटलं, “जिची गाणी ती वाचणार आहे.” त्यावर ते जे म्हणाले ते काही वाईट मनाने म्हणाले नाहीत, म्हणूनच मला जास्त लागलं. “अगं, तिला कशाला वाचायला हवं? तिला तर पाठच आहेत.”

मी आत्याला छापखान्यात बोलावून घेतलं. ती एकटी येणारच नव्हती. दोघी आल्या, नऊवारी नेसून, डोक्यात अबोलीचे गजरे घालून, जणू लग्नालाच. तुळसाकाकी जिना बघून म्हणाली, “मी नाय चरत बाय,” आणि खाली यंत्राशेजारच्या बाकावर बसली. आत्या वर आली. सर उभे राहिले, स्टूल पुढे केलं. माणूस सभ्यच होता. मी ‘शाळा’तलं पान आत्याच्या मांडीवर ठेवलं. खाली मुश्ताकभाईंनी यंत्र बंद करायला लावलं.

तिने बोट ठेवलं आणि वाचू लागली. एकेक अक्षर सुटं, मग जोडून. “प-य-ला... पयला. तां-दू-ल. तांदूल. गो. ध-र-त-री-ला.” तिच्या कपाळावर घाम आला होता. सर पुढे झुकून बघत होते. आणि मग ती तितक्याच ठामपणे पुढे वाचती झाली, “दोन.”

सर हसले नाहीत, पण त्यांचे ओठ हलले. आत्याने मान वर केली. “दोन काय गो? माज्या गान्यात दोन खयसून आला?”

मी सांगितलं, की ओळ दोनदा म्हणायची अशी ती खूण आहे. तुळसाकाकी उचलते ना, तिची जागा. आत्याने त्या कंसाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दोन्ही बाजूंनी वाकड्या रेघा आणि मधे तो आकडा.

“म्हंजे तुलशेला तू ह्या पिंजऱ्यात कोंडलीस?” ती म्हणाली. “मी सगली वल म्हनतंय, ती बी सगली वल म्हनतं. तिला येवरीशी जागा?”

आणि तिने तिथेच, स्टुलावर बसल्या बसल्या, कागद मांडीवर पालथा घालून धवळा उचलला. पूर्ण आवाजात. मी घरात पंधरा दिवस कुजबूज ऐकलेली, मलाच दचकायला झालं. ओळ संपली, आणि खालून, बाकावरून, न दिसणाऱ्या तुळसाकाकीने तीच ओळ उचलली. शब्द तेच, पण आवाज जाडा, किंचित मागून येणारा, पहिल्या ओळीला हात देऊन उठवणारा. बाजारातला एक भांडीवाला जिन्यात येऊन उभा राहिला. सरांनी डोळे मिटले होते. त्यांना सूर कळायचा, त्यात खोट नाही. गाणं संपल्यावर ते म्हणाले, “बाई, हे फार मोठं आहे. हे मला ठाऊक नव्हतं.” मला वाटलं जिंकलो.

दोघी गेल्यावर सर चष्मा पुसत म्हणाले, “नाचरं अक्षर चूक होतं, मान्य. पोथीत लाव. आणि तो दोनचा आकडा राहू दे, प्रत्येक ओळ दोनदा छापायला मी जागा कुठून आणू? अंकाचं रूप एकदा बिघडलं की बिघडलं. सोमवारपर्यंत कर.”

पोथी! जिच्यावर तिचं बोट चालत नव्हतं ते अक्षर, मान म्हणून. मी त्यांना म्हटलं, “सर, आता ऐकलंत ना तुम्ही?” ते म्हणाले, “ऐकलं म्हणूनच पोथी म्हणतोय.” त्यांना खरोखरच वाटत होतं की ते आम्हाला वर बसवतायत. मी पुढे वाद घातला नाही. ते गेले, मी ‘शाळा’त लावलेल्या आठ पानांचे बटर पेपर उचलले, म्हणजे ते अर्धपारदर्शक कागद ज्यांवरून छपाईची प्लेट बनते ते, आणि कॉम्प्युटरवरून ती पानं पुसून टाकली. मुश्ताकभाईंना म्हटलं, “गाणी घेऊन चालले. अंकात दुसरं काय घालायचं ते घाला. मला कामावरून काढायचं तर तेही आत्ताच सांगा.” ते म्हणाले, “डबा तर खाऊन जा.” मी नाही खाल्ला.

रविवारी मुश्ताकभाई स्कूटरवरून सुकापूरला आले. बाबा जागे होते, अंगणात बसून दोघांनी तळलेल्या निवट्या खाल्ल्या आणि तळोज्याच्या नाल्याच्या पाण्याला कुठला रंग आला आहे यावर बोलले. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, “सरांचा निरोप आहे. गाणी हवी आहेत, पण त्या अक्षरात अंकात बसणार नाहीत. सुटी पुरवणी काढू म्हणतात. त्यावर ‘मींड’चं नाव नसेल.” मी म्हटलं, “नकोच आहे त्यांचं नाव.” आत्या दारात उभी होती. ती म्हणाली, “मंग नाव आमचा घाला. दोघींचा.”

आठाची सोळा पानं झाली, कारण प्रत्येक ओळ दोनदा आली. तुळसाकाकीची ओळ आत्याच्या ओळीखाली, त्याच सोळा पॉइंटात, तितकीच ठळक, फक्त डावीकडून बोटभर आत. ते बोटभर अंतर मी सरांच्याच पद्धतीने बोटाने मोजलं. कागद मुश्ताकभाईंनी लग्नपत्रिकांतून उरलेला पिवळा काढला, हळदीच्या जवळ जाणारा. सरांनी अंकासोबत पुरवणी वर्गणीदारांना पाठवली आणि वर चिठ्ठी लावली, की अक्षराबद्दल दिलगीर आहोत. ती चिठ्ठी माझ्याकडे आहे. मी मुद्दाम ठेवली आहे.

आता इथे सांगून टाकते. पुढे बऱ्याच वर्षांनी सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, आणि एका दुपारी ते खांदा कॉलनीतल्या माझ्या स्वतःच्या दुकानात काठी टेकत आले. आपल्या जुन्या बंदिशींची वही लावून हवी होती. मी विचारलं, “पोथीत ना?” त्यांनी वही उघडून डोळ्यांजवळ नेली. मग म्हणाले, “ते तुझं उभं, मोठं अक्षर आहे का अजून?” मी म्हटलं, “पहिलीच्या पुस्तकातलं?” “हो. तेच.” मी लावून दिली, अगदी मन लावून. पण चिठ्ठीची आठवणही करून दिली. सोडून द्यायला हवं होतं असं माझी भाची म्हणते. तिला काय, ती मोबाइलवर दिवसाला दहा फाँट बदलते.

पुरवणी आली त्यानंतर आठवड्याभरातच गावात एक हळद होती. आत्या मांडवात बसली, सूप समोर, आणि मांडीवर पिवळी पुरवणी उघडून त्यावर बोट. बायकांत हसं सुरू झालं. एक म्हणाली, “जने, विसरलीस का काय, कागूद बगून म्हनतंस?” आत्याने बोट न उचलता सांगितलं, “विसरले नाय. पोरीनी बरोबर लिवलंय का ता मिलवून बगतंय.” आणि सोळा पानं तिने मिळवून पाहिली, पहिल्या तांदळापासून शेवटच्या देवापर्यंत, गात गात, आणि कुठेही ‘दोन’ म्हणावं लागलं नाही.

तुळसाकाकीनेही तिची पुरवणी मांडीवर घेतली होती. तिला अक्षर येत नव्हतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तरी आत्याची ओळ संपली की ती आपलं बोट कागदावर ठेवायची आणि आपली ओळ उचलायची. शेजारी बसलेल्या नवरीच्या मावशीला राहवलं नाही. ती वाकून म्हणाली, “काकू, कागूद उलटा धरलाय तुमी.”

तुळसाकाकीने ओळ पुरी केली. मग मान वळवून म्हणाली, “माजी वल हाय ती. मी कशी बी धरीन.”